त्या फ्रेम कॅपवाल्या कमेंटला उत्तर

लॅपटॉपवर शूटर गेम खेळताना लेटन्सी (हात हलवल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा उशीर) कशी कमी करायची यावर मागची पोस्ट होती, तिच्याखाली एका वाचकाची लांबलचक कमेंट आलीय. तिथेच उत्तर लिहायला घेतलं आणि ते इतकं वाढलं की म्हटलं वेगळी पोस्टच टाकू. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी, कमेंटचं म्हणणं असं: फ्रेम कॅपचा (सेकंदाला किती फ्रेम काढायच्या यावर मर्यादा घालायचा) सल्ला चुकीचा, विंडोजच्या रजिस्ट्रीतले (आतल्या सेटिंगमधले) ट्वीक्स सांगितलेच नाहीत, मोजमाप कुठेच नाही, एक स्क्रीनशॉट जुन्या विंडोजचा, आणि गोव्यात पावसात लाईट टिकत नाही तिथे मिलिसेकंद कसले मोजताय. आणि मधेच हे रत्न: "फ्रेम कॅप लावा म्हणून सांगणाऱ्याने स्वतः कधी रँक्ड खेळलेलं दिसत नाही." (रँक्ड म्हणजे ज्यावर खेळाडूची क्रमवारी ठरते ते सामने.)

बाब, स्क्रीनशॉटचं मान्य. तो विंडोज १० चा आहे, ११ मधे ते पान वेगळं दिसतं, बदलून टाकतो. झालं?

आता त्या वाक्याकडे येऊ. तुम्हाला सल्ला पटला नाही तर पटला नाही म्हणा, त्यात माझ्या रँकचा काय संबंध? डॉक्टरला कधी विचारता का की तुम्हाला स्वतःला ताप आला होता का म्हणून? पण विचारलंतच तर ऐका. मी खेळायला लागलो तेव्हा तुमच्या घरी कदाचित कॉम्प्युटरही नसेल. म्हापशाला बस स्टँडजवळ एक कॅफे होता, काउंटर स्ट्राईक १.६, जाड काचेचे सीआरटी मॉनिटर, शुक्रवारी बाजाराच्या गर्दीतून वाट काढत तिथे जायचो आणि घरी सांगायचो की प्रोजेक्टचं टायपिंग आहे. तिथे पहिल्यांदा खुर्चीवर बसणाऱ्या पोरालाही सिनियर पोरं आधी कन्सोल (गेममधली कमांडची खिडकी) उघडून 'एफपीएस_मॅक्स १०१', म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त १०१ फ्रेम, टाकायला लावायची. मुळात तिथे ७२ असायचं. म्हणजे बघा, आम्ही तर कॅपचा आकडाच टाइप करत मोठे झालो, आणि तुम्ही मला सांगताय की कॅप लावणारा खेळाडू नसतो.

बरं, पोस्टमधे मी काय लिहिलं होतं? "जीपीयू ९९ टक्क्यांवर जात असेल तर" (जीपीयू म्हणजे ग्राफिक्स कार्ड) कॅप लावा. हा 'तर' तुम्ही सरळ गिळलात. तुमच्याकडे तगडं कार्ड असेल, ३०० एफपीएस (सेकंदाला फ्रेम) येऊनही कार्ड निम्मं मोकळं राहत असेल तर खुशाल अनकॅप्ड खेळा, मी अडवलंय का? पण माझे निम्मे वाचक कॉलेजची पोरं आहेत, त्यांच्याकडे सेकंडहँड लॅपटॉप असतात आणि त्यावर सगळं हायवर ठेवून वर फॅनचा आवाज ऐकत बसतात. त्यांच्याकडे काय होतं ते सांगतो. प्रोसेसर फ्रेमची तयारी करतो, कार्ड ती काढतं. कार्डाला दम लागला की प्रोसेसर थांबत नाही, तो पुढच्या फ्रेम तयार करून रांगेत लावत जातो. म्हणजे तुम्ही आत्ता माऊस हलवला तो रांगेतल्या आधीच्या फ्रेम संपल्यावर दिसणार. ८० एफपीएसला एक फ्रेम १२.५ मिलिसेकंदांची, अशा दोन पुढे उभ्या असल्या की २५ मिलिसेकंद गेले, आणि पोरगा म्हणतो नेट खराब आहे. कॅप थोडा खाली आणला की कार्ड मोकळं होतं, रांग लागतच नाही, एफपीएसचा आकडा कमी दिसतो पण हात हलका वाटतो.

२०२० च्या सप्टेंबरमधे ग्राफिक्स कार्ड बनवणाऱ्या एनव्हिडियाने रिफ्लेक्स आणलं ते याच रांगेवर उपाय म्हणून, ते प्रोसेसरला फ्रेम शेवटच्या क्षणी तयार करायला लावतं. ९०० सिरीजच्या जुन्या कार्डापासून चालतं, गेममधे सोय असली पाहिजे एवढंच. आणि गंमत बघा, १४४ हर्ट्झच्या (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणाऱ्या) मॉनिटरवर जी-सिंक, व्ही-सिंक (दोन्ही कार्ड आणि मॉनिटरचा मेळ घालणारी) आणि रिफ्लेक्स तिन्ही चालू ठेवलं की ते स्वतःहून १३८ च्या आसपास कॅप लावतं. आता एनव्हिडियाच्या इंजिनिअरांनाही जाऊन विचारा, रँक्ड खेळता का रे म्हणून.

साखळीला भाच्याकडे गेलो होतो, त्याच्या जीटीएक्स १६५० कार्डावर वॅलोरंट चालू होतं. सेटिंगमधे व्हिडिओ, त्यात स्टॅट्स, तिथे लेटन्सीचा ग्राफ लावून दिला. वरच्या कोपऱ्यात ती रेघ गेममधला स्मोक (धुराचा पडदा) पडला की उसळायची, डोळ्यांना दिसत होतं. कॅप लावला, रेघ खाली येऊन जवळजवळ सपाट झाली. त्याच्या आईला पण दिसली, आणि तिला यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

मोजमाप म्हणताय ते हेच. आकडे मी लिहून ठेवले नाहीत, मी काय परीक्षेला बसलो नव्हतो. आणि मोबाईलवर स्लो-मोशन काढून मोजा असं जे तुम्ही सुचवलंय, त्यात २४० फ्रेमला एक फ्रेम चार मिलिसेकंदांच्या वर जाते, दोन-तीन मिलिसेकंदांचा फरक त्यात काय कपाळ दिसणार? सोडा तो विषय.

रजिस्ट्रीचं. नेगलवाला ट्वीक (छोटी पॅकेट साठवून एकत्र पाठवणं बंद करणारा) टीसीपीसाठी असतो, शूटर गेमचं खेळतानाचं पॅकेट यूडीपी या नेटवर डेटा पाठवायच्या दुसऱ्याच पद्धतीने जातं, तेव्हा तो करा नाहीतर देवाला नारळ ठेवा, सारखंच. टाइमर रिझोल्यूशनचं (विंडोजचं आतलं घड्याळ बारीक करणारं) ते छोटं प्रोग्राम विंडोज १० च्या २००४ नंबरच्या व्हर्जनपासून बाकीच्या प्रोग्रामना लागू होत नाही. म्हणून नाही सांगितलं. आणि "ड्रायव्हरमधे लेटन्सीचं जे दिसेल ते ऑन करा" हा जो सल्ला तुम्ही माझ्या वाचकांना देऊन टाकलात त्याबद्दल एवढंच, २०२३ च्या ऑक्टोबरमधे एएमडी या दुसऱ्या कार्ड कंपनीचं अँटी-लॅग प्लस ऑन ठेवून काउंटर स्ट्राईक २ खेळणाऱ्यांवर व्हॅक (चीटिंग पकडणारी यंत्रणा) बॅन पडले होते, एएमडीला तो ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. बॅन नंतर निघाले, पण अशा सल्ल्याने माझ्या वाचकाचा अकाउंट गेला तर शिव्या मलाच पडणार ना.

राहता राहिला गोवा. बाहेरून आलेला कोणी बोलला असता तर समजू शकलो असतो, पण तुम्ही तर स्वतःला फोंड्याचे म्हणवता. लाईट जाते, मान्य, इन्व्हर्टरवर राउटर लावा. फायबरमधे उजेड मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो, पणजी-मुंबई रस्त्याने ६०० च्या आत, म्हणजे जाऊन-येऊन सहाच्या आसपास, त्यावरचं सगळं वळसे आणि घरातलं. घरातलं म्हणजे चिऱ्याच्या जाड भिंती, ज्यांच्यातून वायफाय धड पलीकडे पोचत नाही, म्हणून तर पोस्टमधे पहिलीच ओळ केबल ओढा अशी होती. आणि चवथीला आमच्याकडे सगळी भावंडं जमली की माटोळीचे (गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या सजावटीचे) फोटो पंधरा मोबाईलवरून एकदम अपलोड होतात, तेव्हा पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन-येऊन लागणारा वेळ) दोनशे मिलिसेकंदांवर जातो. त्यात गोव्याचा काय दोष? राउटरमधे एसक्यूएम (डेटाची रांग आवरणारी सोय) असेल तर अपलोड खऱ्या स्पीडच्या थोडं खाली बांधून ठेवा, बसतं जागेवर. यावर वेगळी पोस्ट येणारच होती, आता जरा लवकर येईल.

कमेंट उडवणार नाही, राहू दे तिथेच. फक्त परत लिहाल तेव्हा कार्ड कुठलं, मॉनिटर किती हर्ट्झचा आणि विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधे तो खरोखर तेवढ्यावर ठेवलाय की ६० वरच पडून आहे, हे तीन तेवढं सांगा. आणि हो, तुमची रँक पण.