म्हणे एसव्हीजी आहे, एकदाच काढा आणि कुठेही वापरा!

"आयकॉन सेटचे 5 सोपे नियम" ही पोस्ट एव्हाना तुमच्याकडे पण फिरत आली असेल. मी तर बघून सोडून दिली होती, पण काल टीममधल्या नव्या मुलाने "ताई, आपण पण असंच करूया का?" म्हणून ती पाठवली, वर अख्ख्या टूलबारची लेबलं उडवलेला स्क्रीनशॉट जोडला, तेव्हा आता गप्प बसवत नाही.

नियम 1: "एसव्हीजी व्हेक्टर असतं, एकच आयकॉन काढा, 16 पासून 96 पिक्सेलपर्यंत कुठेही वापरा."

अर्धं खरं आहे, बरं, मान्य. एसव्हीजी ही चित्राची अशी फाईल की ज्यात ठिपक्यांऐवजी रेघांचं आणि आकारांचं वर्णन असतं (यालाच व्हेक्टर म्हणतात), म्हणून मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. पण कडा फाटत नाहीत म्हणून आयकॉन ओळखू येतोच असं थोडीच आहे? साधं गणित करा ना. 24 पिक्सेलच्या ग्रिडवर 2 पिक्सेलची रेघ काढली आणि तोच आयकॉन 16 ला लावला की रेघ होते 1.33 पिक्सेल, आता साध्या स्क्रीनवर पिक्सेलचा एक तृतीयांश तुकडा काही पेटवता येत नाही, मग ब्राउझर शेजारच्या पिक्सेलमध्ये फिकट रंग भरून वेळ मारून नेतो आणि सगळं धुरकट दिसतं. उलट 48 ला लावला की तीच रेघ 4 पिक्सेलची, बाजूचा मजकूर सडपातळ आणि आयकॉन पैलवान. मग कोणीतरी हुशार सांगतो, नॉन-स्केलिंग-स्ट्रोक (आयकॉन लहान-मोठा केला तरी रेघेची जाडी न बदलणारी एसव्हीजीची सोय) लावा, जाडी कायम राहील. राहील की! पण लहान साईझला रेघ तेवढीच आणि मधल्या फटी आकसलेल्या, म्हणजे सेटिंग्जच्या चाकाचे दाते एकमेकांत मिसळून नुसता गोळा होतो.

पटत नसेल तर गिटहबचा (प्रोग्रामर कोड ठेवतात ती साईट) ऑक्टिकॉन्स हा आयकॉन सेट ओपन सोर्स आहे, उघडून बघा. एकाच आयकॉनची 16 ची फाईल वेगळी, 24 ची वेगळी, आणि आतले पाथ, म्हणजे काढलेल्या रेघा, पण वेगळे, एक ताणून दुसरा केलेला नाही. आता व्हेक्टर म्हणजे काय हे त्यांना कळत नसेल असं त्या पोस्टवाल्याचं म्हणणं आहे का? दोन-तीन साईझ ठरवायच्या, प्रत्येकीसाठी वेगळं काढायचं, लहान साईझमध्ये तपशील गाळायचे, आणि मधेच कोणी 19 पिक्सेल मागितले तर सरळ नाही म्हणायचं. काम वाढतं, पण सेट असाच बनतो.

नियम 2: "प्रत्येक आयकॉन बॉक्सच्या कडेपर्यंत भरा, सगळे सारखे दिसतील."

नाही दिसणार. 20 चा चौकोन आणि 20 चं वर्तुळ शेजारी ठेवा, चौकोनच मोठा वाटतो, कारण क्षेत्रफळ 400 आणि 314. गूगलच्या मटेरियल या डिझाईन नियमावलीत 24 च्या बॉक्सात वर्तुळ 20 चं आणि चौकोन 18 चा धरतात. 18 चा वर्ग 324. आलं ना जवळपास?

नियम 3: "आयकॉन फाँटच वापरा, एका फाईलीत काम होतं."

आयकॉन फाँट म्हणजे अक्षरांच्या जागी आयकॉन भरलेला फाँट. जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला एसव्हीजी कळायचं नाही तेव्हा ठीक होतं. गिटहबनेच 2016 मध्ये फाँट सोडून एसव्हीजी घेतलं. वाचायला त्रास होतो म्हणून स्वतःचा फाँट लावून ठेवणारे लोक असतात, त्यांना तुमच्या आयकॉनच्या जागी रिकामे चौकोन दिसतात.

नियम 4: "आयकॉन सगळ्यांना कळतात, लेबलं काढून टाका."

हे वाचून डोकंच फिरलं. भिंग, घर, कचऱ्याचा डबा कळतात, धरून चालू. पण हृदय म्हणजे लाईक की सेव्ह? बाण असलेला चौकोन म्हणजे शेअर, एक्सपोर्ट की नवीन टॅब? आणि नुसता एसव्हीजी असलेल्या बटणाला नाव दिलं नसेल तर स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) फक्त "बटण" म्हणतो, पुढचं ज्याचं त्याने ओळखायचं. अगदीच जागा नसेल तर निदान एरिया-लेबल, म्हणजे स्क्रीनवर न दिसणारं पण स्क्रीन रीडरला ऐकू येणारं नाव, तरी द्या. आणि लेबल दिसत असेल तर आयकॉनला एरिया-हिडन लावा, म्हणजे स्क्रीन रीडर तो वगळतो, नाहीतर आयकॉनला आत टायटल असलं की तेच नाव दोनदा ऐकावं लागतं.

नियम 5: "रंग करंटकलरने द्या." हे बरोबर आहे, त्याने आयकॉन आजूबाजूच्या मजकुराचाच रंग घेतो. फक्त एक्सपोर्ट केल्यावर फाईलीत कुठे फिलचा हेक्स कोड (आकारात भरायचा ठरावीक रंग) चिकटून राहिलाय का ते शोधा, नाहीतर डार्क मोड लावला की नेमका तोच आयकॉन काळ्यावर काळा.