मैलांचं पेव

खातं उघडाच. विचार कसला करताय? टाय लावलेला पोरगा भर उन्हात विश्रामबागेतून तुमच्या दुकानापर्यंत आलाय, त्यानं चकचकीत कागद काउंटरवर ठेवलाय, कागदावर विमान आहे. नुसतं खातं उघडायचं आणि विमान कंपनीचे 6,000 मैल बक्षीस, म्हणजे पुढं तिकिटावर वटवायचे गुण. आपल्या वडिलांना बँकेनं कॅलेंडर दिलं होतं, तेही चैत्रात.

सांगलीकर म्हणून तुमची एक वाईट खोड आहे. मार्केट यार्डात हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय तुम्ही बोली लावत नाही. मैलांना ही खोड लावू नका. मैल मोडून बघायचे नसतात.

आमच्या घरी नेमकं तेच झालं. मंडळींनी जुन्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर आकडे मांडले. लाख रुपये वर्षभर खात्यात पडून राहिले पाहिजेत, ही अट. बचत खात्याला अडीच टक्के धरा, 2,500. तेच लाख साडेसहा टक्क्यांनी ठेवीत टाकले तर 6,500. पेन्सिल कानामागं खोचून म्हणाल्या, "अहो, 4,000 सोडून 6,000 मैल. फुकटचा मैल 67 पैशांना पडला की!"

बायकांना हवाई प्रवासातलं काय कळतं, असं म्हणून मी सही केली. तुम्हीही करा.

वर्षानं मैल आले. पुणे-दिल्ली तिकीट होतं 4,600 रुपयांचं. मैलांवर घेतलं तर 8,000 मैल, शिवाय कर नि शुल्काचे 1,200 रोख. म्हणजे 3,400 रुपये वाचवायला 8,000 मैल. 67 पैशांना घेतलेला मैल साडेबेचाळीस पैशांना चालला होता. हळदीत असा सौदा केला असता तर अडत्यानं चहासुद्धा विचारला नसता. त्यातून माझ्याकडे सहाच हजार. कमी पडणारे 2,000 कंपनी हसतमुखानं विकते, काळजी नसावी.

आता विमान कुठून, असं विचारून रसभंग करू नका. कवलापूरच्या विमानतळाच्या गप्पा ऐकत आपले केस पिकले. जवळ म्हणजे कोल्हापूरचं उजळाईवाडी, पण मैलवाली कंपनी तिथून उडत नव्हती. मग पहाटेची एसटी, स्वारगेट, तिथून लोहगावला रिक्षा. मिरजेहून गोवा एक्सप्रेस थेट निजामुद्दीनला जाते, हे अशा वेळी घरात कुणालाही बोलू देऊ नये.

साठवून ठेवू म्हणता? ठेवा की. हरिपूरच्या पेवांत जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं टिकायची, कीड लागायची नाही, आणि पेववाला एका सकाळी येऊन "आजपासून तुमचं पोतं अर्धं धरणार" असं म्हणत नव्हता. 2005 च्या महापुरानं पेवांची वाट लावली तेव्हा निदान पाणी तरी दिसलं. मैलांचा भाव कंपनीच ठरवते, मुदतही तीच घालते, आणि कळवते ईमेलवर, जो तुम्ही उघडत नाही. बँक बुडाली तर ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो. मैलांना कोण देतोय? 17 एप्रिल 2019 ला जेट एअरवेजनं शेवटचं उड्डाण केलं. लोकांचे मैल शाबूत राहिले, विमानंच गेली.

आणि आयकरवाल्यांची भीती घालणारे एक-दोघं भेटतीलच. अमेरिकेत 2014 मध्ये कर न्यायालयानं, खात्याच्या बक्षीस गुणांवर काढलेलं 668 डॉलरचं विमान तिकीट व्याजासारखंच उत्पन्न आहे, असा निकाल दिला. ती अमेरिका झाली. आपण इथं अर्ध्या हळकुंडानं पिवळे व्हायला मोकळे आहोत.

मुदत संपायला आठ दिवस उरले तेव्हा मी 6,000 मैलांची चाकांची बॅग घेतली. एक चाक स्टेशन रोडलाच निखळलं. बॅग माळ्यावर आहे, मंडळींनी तिच्यात वर्षाची हळद भरून ठेवलीय. तो टायवाला परवा पुन्हा येऊन गेला. यंदा 8,000 देतायत.