पोर्टलवरचे ठिबक आणि ग्रामसभेतले बांध

शेतीसाठीची सरकारी मदत नेमकी शोधायची कुठे, यावरून माण तालुक्यातल्या आमच्या कट्ट्यावर परवा चांगलीच जुंपली. इरफानचे म्हणणे असे, की ‘महाडीबीटी’ हे सरकारी योजनांच्या अर्जांचे राज्याचे पोर्टल आल्यापासून कोणाचे उंबरे झिजवायची गरज उरलेली नाही. शेतकरी ओळख क्रमांक काढावा, २३ रुपये ६० पैसे भरून अर्ज करावा आणि स्वस्थ बसावे. पूर्वी सोडत निघत असे, तेव्हा सारा नशिबाचा खेळ होता. २०२५पासून मात्र ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ हे तत्त्व लागू झाले आहे.

‘स्वस्थ बसावे, इथेच घोटाळा होतो,’ दत्ता म्हणाला. ठिबक संचाला राज्याचे पूरक अनुदान धरून अल्प व अत्यल्प भूधारकांना ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतात, हे सर्वांना तोंडपाठ असते. परंतु हे टक्के दुकानदाराच्या बिलावर नव्हे, तर शासनाने ठरवलेल्या खर्चाच्या मापदंडावर मोजले जातात, हे फार थोड्यांना ठाऊक असते. शिवाय कृषी विभागाची पूर्वसंमती हातात येण्याआधीच संच आणून रानात अंथरला, तर बिलावरची तारीखच अर्जाच्या आड येते.

रोजगार हमीच्या कामांवर वर्षानुवर्षे राबलेले आप्पा इतका वेळ तंबाखू मळत ऐकत होते. ते म्हणाले, ‘तुम्ही दोघे मोबाईलमध्ये सापडते तेवढ्याच मदतीबद्दल बोलता आहात. माती वाहून चाललेल्या रानात ठिबक काय कामाचे?’ बांधबंदिस्ती, सलग समतल चर म्हणजे उताराला आडवे खणलेले लांब चर, नाल्यावरचे बंधारे ही कामे गावाच्या आराखड्यातून येतात आणि तो आराखडा ग्रामसभेत मंजूर होतो. पाणलोटाचे काम माथ्याकडून पायथ्याकडे करायचे असते, त्यामुळे वरच्या अंगाच्या शेतकऱ्याने संमती नाकारली, की खालच्याने घातलेले बांध पहिल्या जोरदार पावसातच फुटतात. सातबारा सामाईक असेल, तर मुंबईला गेलेल्या भावाचेही संमतिपत्र आणावे लागते. आमच्याकडे निम्मी प्रकरणे अडतात ती इथेच, असे माझे निरीक्षण आहे.

मला आप्पांची बाजू पटली, तरी इरफानचा प्रतिप्रश्न बिनतोड होता. गणपूर्तीअभावी, म्हणजे ठरलेल्या संख्येइतकी माणसे न जमल्याने, ग्रामसभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग मोजक्या माणसांनी, आपापल्या भावकीची राने डोळ्यांसमोर ठेवून केलेल्या आराखड्यात आपला गट क्रमांक शिरणार कसा? पोर्टलवर निदान अर्ज केल्याचा क्रमांक तरी हाती राहतो.

यावर आप्पांचे उत्तर सरळ होते. आराखडा तयार होण्याच्या आधी सातबारा, आठ-अचा खातेउतारा आणि रोजगार हमीचे जॉबकार्ड जोडून ग्रामपंचायतीकडे लेखी मागणी करावी, वरच्या-खालच्या बांधकऱ्यांच्या सह्या त्याच कागदावर घ्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच मागून घ्यावी. दत्ताने लगेच विचारले, की वरचा बांधकरी सहीच करत नसेल तर काय करायचे; त्यावर मात्र कट्ट्यावर एकमत झाले नाही.