मांडव्याला उतरल्यावर सुसंस्कृत कसं व्हायचं

अभिनंदन, बंगला घेतलात! सॉरी, व्हिला. 2020 ला गाड्या नेणारी रो-रो बोट सुरू झाली, मुंबईत भाऊच्या धक्क्यावर गाडी चढवली की तासाभरात अलिबागकडचा मांडवा, आणि तेव्हापासून किहीम, आवास, सासवण्याकडे कलेला जे काही भरतं आलंय ते बघून आम्ही गावकरी धन्य झालोय. नवीन लोकांना जरा मार्गदर्शन हवं, म्हणून हे चार शब्द.

सगळ्यात आधी लिनन घ्या. चुरगळलेलंच.

नारळ-सुपारीची वाडी तोडून लॉन करा, मग त्या लॉनवर 'कोकणी वाडी' थीमची पार्टी ठेवा. पूल भरायला टँकर मागवा, विहिरीचं पाणी का आटतं यावर चर्चासत्र नंतर घेता येईल.

पांढऱ्या कांद्याची माळ अवश्य घ्या, जीआयवाला, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला कांदा आहे. अलिबागजवळच्या कार्ले-खंडाळे गावांकडचा शेतकरी ती विणतो कांदा टिकावा आणि खाता यावा म्हणून, पण तुम्ही ती दिवाणखान्यात टांगा आणि कोंब फुटेपर्यंत फोटो काढत रहा. सुगरणीचे खोपेही मिळवा, आत बल्ब सोडला की झकास झुंबर होतं. याच किहीममध्ये पक्षीतज्ज्ञ सलीम अलींनी सुगरणीचा अभ्यास केला होता, हे पाहुण्यांना खोप्याखाली उभं राहून सांगायचं.

कोळीणबाईने सुकट वाळत घातली की सोसायटीच्या ग्रुपवर वासाची तक्रार टाका. संध्याकाळी जपानी जेवणावर बोनिटो भुरभुरून घ्या, ती सुकी मासळीच असते पण तिला वास नसतो, फ्लेवर असतो.

सासवण्याला करमरकरांचं शिल्पालय आहे. पुण्यातला 1928 चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी घडवला ते नानासाहेब करमरकर इथलेच, आणि गावातल्या साध्या माणसांचे त्यांनी केलेले पुतळे तिथे आजही बघायला मिळतात. तुम्ही अर्थातच तिथे जायचं नाही. तुमच्या क्लबहाऊसमध्ये मुंबईहून आलेल्या ताईंचं मातीकामाचं वर्कशॉप असतं ना, वाकडी वाटी करायला अडीच हजार, तिकडे जा.

आता मुख्य धडा, लोककला. गौरीच्या रात्री गावात बाल्या नाच चालू असेल, पोरं घुंगरू बांधून मृदंगाच्या तालावर घाम गाळत असतील, तर दहा वाजून एक मिनिटाने पोलिसांना फोन करा. सणासुदीला वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस बारापर्यंतची सवलत सरकारला देता येते, त्या रात्रीचा परवाना मंडळाकडे असेलही, पण तुम्ही विचारायचं नाही. यंदा आमच्या आळीत हेच झालं. हवालदार बिचारा आला, त्यालाच लाज वाटत होती, परवाना बघून चहा पिऊन गेला, पण तोवर ताल तुटला, म्हाताऱ्या उठून घरी गेल्या, मग कसला नाच नि कसलं काय. आणि महिन्याभराने त्याच कॉलनीतून माझ्या चुलतभावाला फोन, की दादा, आमची हेरिटेज इव्हनिंग आहे, तुमचा ग्रुप हवाय, फक्त पंधरा मिनिटं, एकदम ऑथेंटिक, धोतरं तेवढी एका रंगाची घाला. मानधन विचारलं तर म्हणे बजेट नाहीये, पण एक्सपोजर मिळेल. अहो कसलं एक्सपोजर? पोरं भर उन्हात गवंड्याच्या हाताखाली तुमच्याच भिंती बांधतात, एक्सपोजर भरपूर आहे त्यांना! केटररला पैसे आहेत, फुलवाल्याला आहेत, त्या डीजेला तर अ‍ॅडव्हान्स दिलेला, जो नंतर दीडपर्यंत वाजवत होता आणि तेव्हा कुणाची झोप मोडली नाही की कुणी फोन फिरवला नाही. आणि आमची पोरं मागच्या गेटने आत, बूट बाहेर, वडापाव हातावर. मृदंगाला चामड्याची नवीन पुडी चढवायला किती खर्च येतो, एकाने तरी विचारलं?

शेवटची टीप देणार होतो रांगोळीच्या फोटोंबद्दल, पण जाऊ दे, आता नाटक पुरे.

तुम्ही आलात याचा राग नाही. जमिनी आम्हीच विकल्या, काहींनी मोटारसायकलीपायी विकल्या, तेही मान्य. पण राहायला आलाय तर माणसांसारखे रहा ना. तुम्हाला आमचा नाच पाहिजे आणि नाचणारे नकोत, मासे पाहिजेत आणि कोळीण नको. गौरीला या, समोर सतरंजीवर बसा, पातोळे खा, कोणी अडवलंय? तुमच्या घरी नाचायला बोलवायचं असेल तर आधी रक्कम बोला आणि पुढच्या गेटने आत घ्या. त्या इव्हनिंगचं मानधन अजून द्यायचं आहे, ते द्या. आणि समुद्राकडे जाणाऱ्या वाटेवर जे लोखंडी गेट ठोकलंय ते काढा, आमच्या आजोबांच्या आधीपासूनची वहिवाट आहे ती, तुमचा ड्राइव्हवे नाही.