६१२ की डायोड रिंग? टपरीवर पुन्हा पेटलं

पुण्यात पासोड्या विठोबाजवळ रेडिओचे पार्ट घेऊन झाले की आम्हा हौशी (हॅम) रेडिओवाल्यांचा चहा ठरलेला. पिंट्या आधीच तापलेला. म्हणे ४० मीटरच्या, म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या, रिसीव्हरला एसए६१२ चिप सोडून दुसरा मिक्सर (सिग्नल ऑसिलेटरशी मिसळून दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर नेणारा भाग) लावणं म्हणजे नुसती हौस. "एक आयसी, आतच ऑसिलेटर, अडीच मिलिअँपिअर करंट, वर १७ डीबी गेन! तुमची ती डायोडांची रिंग उलट सहा डीबी खाते, आणि ऑसिलेटरकडून ५ मिलिवॅट मागते. पदरचं घालून लॉस कोण घेतं?"

ताई एवढंच म्हणाली, "अंधार पडल्यावर लावतोस का तो रिसीव्हर?"

पिंट्या गप्प. संध्याकाळी ७२०० किलोहर्ट्झच्या वर ब्रॉडकास्टवाले काय दणक्यात येतात ते सगळ्यांना माहितीये. ७२५० आणि ७३४० ला दोन तगडी स्टेशनं असली की ६१२ च्या पोटी तिसरंच पोरगं, म्हणजे इंटरमॉडचा खोटा सिग्नल, जन्माला येतं, थेट ७१६० ला, जिथे खरं तर कोणी बोलतच नसतं.

"बँडपास फिल्टर लावेन ना पुढे, हवा तेवढाच पट्टा आत सोडणारा!"

"७१६० आणि ७२५० वेगळं करणारा बँडपास तू घरी गुंडाळणार? गेन नंतर कुठेही मिळतो रे, मिक्सरमध्ये झालेली घाण पुढे कुठलाच फिल्टर काढत नाही."

इंटरसेप्ट, म्हणजे तगडे सिग्नल झेलायची ताकद, बघा ना, ६१२ चा उणे १५ डीबीएमच्या आसपास, साध्या रिंगचा अधिक १३-१५, आणि ७ मेगाहर्ट्झला अँटेनातूनच एवढा नॉइज येतो की ते सहा डीबी गेलेले कळतही नाहीत. माझ्या लेखी विषय इथेच संपला होता.

पण पिंट्या तो पिंट्या. "मग पुढे सिग्नल उतरवणारा अटेन्युएटर लावतो!"

"लाव की. १० डीबी लावलास तर सिग्नल १० ने उतरेल, इंटरमॉड ३० ने. फक्त मग तुझ्या त्या १७ डीबीचं काय लोणचं घालायचं?"

अण्णा मध्येच सुरू. "रिंगवाल्यांनीही उड्या मारू नयेत. मिक्सरला थेट क्रिस्टल फिल्टर चिकटवतात! पासबँडबाहेर तो ५० ओहम दाखवतो का? सगळं उलटं मिक्सरमध्ये. मध्ये डिप्लेक्सर घाला आधी, नको ते ५० ओहममध्ये जिरवणारा."

"घातलाय हो अण्णा."

"ताई, तू तर बोलूच नकोस," पिंट्याला जुनं दुखणं आठवलं, "माझा टोरॉइड, तो तार गुंडाळायचा गोल कोअर, दिवाळीपासून तुझ्याकडे आहे!"

"आहे ना. त्याच्यावरच रिंग गुंडाळलीये. ये ऐकायला."

"रिंगला दोन ट्रान्सफॉर्मर लागतात," अण्णा म्हणाले, "दुसरा टोरॉइड कुणाचा?"

ताई काहीच बोलेना, नुसती अण्णांकडे बघत राहिली, आणि मग जो काही हशा झाला, टपरीवालाही उगाच हसायला लागला.