बीपी कमी आलं म्हणजे सुटलो? हार्ट फेल्युअरच्या त्या मेसेजला उत्तर

गोव्यात पेडण्यापासून काणकोणापर्यंत घराघरांतल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. त्याचा गोषवारा असा : हार्ट फेल्युअरच्या (हृदयाला शरीरभर पुरेसं रक्त पोचवणं जमत नाही अशा) पेशंटचं बीपी खाली आलं की धोका टळला, पंपिंग (दर ठोक्याला हृदयातलं किती टक्के रक्त बाहेर ढकललं जातं तो आकडा) 30 टक्के म्हणजे खेळ संपला, सोडियम कमी निघालं तर मीठ आणि शहाळं द्या, पाणी काढणारी इंजेक्शनं किडनी खातात, ती बंद करायला लावा. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात वॉर्डाबाहेर बाकावर बसलेला मुलगा फाईल चाळता चाळता हेच वाचत असतो, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

आधी बीपी, कारण सगळ्यात घातक थाप तीच. 'प्रेशर वाढू देऊ नका' हे आपण जन्मभर ऐकलेलं, त्यामुळे 95 चा आकडा दिसला की जीव भांड्यात पडतो. अमेरिकेतल्या ऑप्टिमाइझ-एचएफ या 48,612 रुग्णांच्या नोंदणीत मात्र दाखल होताना वरचं बीपी 120 च्या खाली असलेल्यांपैकी 7.2 टक्के इस्पितळातच दगावले. 161 च्या वर असलेल्यांपैकी 1.7 टक्के. बीपी 200 घेऊन धापा टाकत आलेला पेशंट पाहून घरचे हादरतात. पण त्याच्या हृदयात अजून जोर असतो, आणि ऑक्सिजन, नायट्रोग्लिसरीन मिळाल्यावर पुष्कळदा काही तासांत तो बोलू लागतो. खरी काळजी त्या शेजारच्या खाटेवरच्या गप्प पेशंटची करावी : हातपाय गार, डोळ्यांवर झापड, लघवीच्या पिशवीत तळाशी जेमतेम गडद थर. (नेहमीच्या गोळ्यांवर घरी हिंडणाऱ्या माणसाचं 100 बीपी, ही गोष्ट निराळी.)

आता पंपिंग. इकोच्या (हृदयाच्या सोनोग्राफीच्या) रिपोर्टातला तो एक आकडा नातेवाइकांना तोंडपाठ असतो. 2005 साली अमेरिकेतल्याच अ‍ॅडहीअर नोंदणीतल्या 33,000 हून अधिक रुग्णांच्या माहितीतून इस्पितळातल्या मृत्यूचा धोका ओळखणाऱ्या तीन गोष्टी पुढे आल्या : रक्तातला युरिया नायट्रोजन 43 किंवा जास्त, वरचं बीपी 115 च्या खाली, क्रिएटिनीन 2.75 किंवा जास्त (युरिया आणि क्रिएटिनीन हे किडनीचं काम दाखवणारे आकडे). या तिघांत पंपिंग नाही. तिन्ही बिघडलेले असतील तर मृत्यूचं प्रमाण सुमारे 22 टक्के. युरिया आणि बीपी दोन्ही ठीक असतील तर 2 टक्क्यांच्या आसपास. आपल्याकडच्या लॅब बहुधा नुसता 'ब्लड युरिया' छापतात, तेव्हा 43 ला 2.14 ने गुणा. तो आकडा 92 च्या घरात जातो. पंपिंग 30 वर असलेली माणसं नियमित औषधांवर वर्षानुवर्षं चतुर्थीला गणपतीच्या वर फळाफुलांची माटोळी बांधताना दिसतात. उलट पंपिंग 55 असूनही फुप्फुसांत पाणी भरून दाखल होणारे काही थोडेथोडके नाहीत.

सोडियम कमी असणं ही वाईट खूण आहे, एवढं मेसेजवाल्याला बरोबर कळलं. उपाय मात्र उफराटा. अशा पेशंटच्या अंगात मीठ सहसा कमी पडलेलं नसतं, पाणी साचून ते पातळ झालेलं असतं. म्हणून डॉक्टर बहुतेक वेळा पाणी मोजून प्यायला सांगतात. अशा वेळी पेजेबरोबर खारा बांगडा किंवा मिठातल्या कैरीची फोड दिली की आणखी पाणी धरतं. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर. किडनी थकलेली, त्यात पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू, तर हृदयाचे ठोके बिघडायला तेवढं पुरतं. प्रेमाने आणलेलं शहाळं आधी नर्सला दाखवा.

पाणी काढणाऱ्या इंजेक्शनांबद्दल थोडक्यात. 2011 च्या 'डोस' नावाच्या चाचणीत 308 रुग्णांना जास्त आणि कमी मात्रा देऊन पाहिल्या. जास्त मात्रेने क्रिएटिनीन काहींचं तात्पुरतं चढलं, पण 60 दिवसांनी किडनीच्या कामात दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. सूज तशीच ठेवून घरी जाणं जास्त महागात पडतं.

मेसेजात नसलेली एक गोष्ट : डिस्चार्ज. भारताच्या राष्ट्रीय हार्ट फेल्युअर नोंदणीत 10,851 रुग्ण होते. इस्पितळात 6.7 टक्के गेले आणि 90 दिवसांपर्यंत हा आकडा 14.2 वर पोचला. म्हणून घरी वजनकाटा ठेवा, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर वजन लिहा, आणि तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठा.