लष्कर आणि पोलिसांच्या निवृत्तिवेतनाबाबत खुलासा

‘राज्यघटनेने लष्कर आणि पोलिसांच्या निवृत्तिवेतनाला पूर्ण संरक्षण दिले आहे, त्यामुळे कोणतेही सरकार त्याला हात लावू शकत नाही,’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे आणि निवृत्त जवानांना खोटा दिलासा देणारा असल्यामुळे अधिक क्लेशदायक आहे.

संरक्षण आहे, परंतु ते वेगळे आहे. निवृत्तिवेतन ही सरकारची कृपा नसून कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात स्पष्ट केले. १९७८ च्या ४४ व्या घटनादुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून वगळला, तरी कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येत नाही, हे अनुच्छेद ३००-अ सांगतो. म्हणूनच केवळ प्रशासकीय परिपत्रक काढून हक्काचे निवृत्तिवेतन रोखता येत नाही, असे याच न्यायालयाने २०१३ मध्ये झारखंडच्या प्रकरणात ठरवले.

नव्या भरतीसाठी मात्र योजना बदलता येते, आणि ती बदललीही आहे. १ जानेवारी २००४ पासून केंद्राने अंशदायी (कर्मचाऱ्याच्या पगारातूनही वर्गणी कापणारी) निवृत्तिवेतन योजना आणताना सशस्त्र दलांना वगळले, ते धोरण म्हणून. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून सेवेत आलेल्या पोलिसांना ती सवलत मिळाली नाही. राज्यांची निवृत्तिवेतने हा राज्यसूचीतील, म्हणजे राज्यांनी कायदे करण्याचा विषय असल्याने लष्कर आणि पोलीस या दोन्हींना एकच नियम लावणे मुळातच चूक आहे. लष्करातील ‘समान हुद्दा, समान निवृत्तिवेतन’ (वन रँक वन पेन्शन) हाही धोरणाचाच भाग असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२२ च्या निकालातून दिसते.